उघडं अंडं

मायच्या कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या हे मला मायनं सांगितलं नाही. अंड्याच्या रंगानं सांगितलं, आणि तेही तो रंग निघून गेल्यावर.

जालन्यात आम्ही नवरा-बायको भाड्याच्या घरात राहतो. मी एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. ओल्या कागदात दाणे गुंडाळून ठेवायचे, ठरल्या दिवशी उघडायचे आणि किती उगवले ते पाहायचं, असं माझं काम. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. मिरवायचं म्हणून हे सांगत नाही. पुढं जे झालं त्यात या पदवीचा हात आहे, म्हणून सांगते.

माय गावी, धावड्याला, एकटी असते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. "जालन्याला ये" म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं: "कोंबड्या कोणाच्या भरोशावर सोडू?" आणि दर पंधरा-वीस दिवसांनी गावाकडून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती तिचा स्टीलचा डबा यायचा. डब्यात ज्वारी आणि ज्वारीत पुरलेली अंडी. हात घालून एकेक अंडं वर काढायचं, खाली पसरलेल्या ज्वारीची भाकरी करायची. बस भोकरदनमार्गे खड्ड्यांतून आदळत यायची, पण अंडं कधी फुटलं नाही.

त्या अंड्यांचं मी फार कौतुक केलं. माहेरचं म्हणून केलं आणि थोडं शहाणपणा दाखवायलाही केलं. प्रयोगशाळेतल्या आमच्या मोठ्या मॅडमना मी एकदा चार अंडी नेऊन दिली. त्या म्हणाल्या, "अगं, अशी अंडी शहरात शोधूनही मिळत नाहीत. आईंना सांग." मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, पुन्हा पुन्हा सांगितलं. माय फोनवर लाजून हसायची आणि पुढच्या डब्यात अंडी वाढलेली असायची. "दोन तुह्या मॅडमची" म्हणायची. माझ्या नोकरीत तिला आपल्या हातानं काही घालता येत होतं ते एवढंच. मी शाळेत होते तेव्हा तिनं काय काय केलं ते मला माहीत आहे. इंग्रजीत तिला मदत करता येत नव्हती, गणितात नव्हती. पहाटे उठवणं आणि उकडलेलं अंडं हातात ठेवणं तिला येत होतं, ते तिनं दहावीपर्यंत रोज केलं.

यंदा थंडी सरता सरता आलेल्या डब्यातलं एक अंडं मी उकडायच्या आधी नळाखाली धरलं. अंगठा तांबूस झाला. मी अंडं चोळलं. खालून पांढरंशुभ्र, गुळगुळीत अंडं निघालं. पोल्ट्रीचं. नवरा शेजारी दात घासत उभा होता. त्यानं पाहिलं, चूळ भरली आणि म्हणाला, "तुझ्या माहेरच्या कोंबड्या चहा पितात का गं?"

मी हसले नाही. पांढरी अंडी चहापत्तीच्या पाण्यात बुडवून गावरान म्हणून विकायची, ही बाजारातली लबाडी आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मायनं एकदा आठवडी बाजारात अशा एका माणसाची चारचौघांत अंडी पुसून दाखवली होती आणि त्याला टोपली उचलायला लावली होती. तिला कोणी फसवणं शक्य नव्हतं. आणि ती अंडी विकत घेईलच कशाला?

संध्याकाळी फोन केला.

"माय, कोंबड्या बऱ्या हायेत ना?"

"हायेत की. त्यांना काय धाड भरली?"

"अंडे देऊन राह्यल्या?"

"देतेत." मग लगेच, "बाईची लेक बाळंत झाली. पोरगी झाली. माहेरीच हाय."

"मंग अंडी दिली का बाईला?"

"देऊ की," ती म्हणाली. "जल्दी काय हाय."

तेव्हा मला काळजी वाटली. कारण बाईच्या घरी बाळंतीण आहे आणि माय म्हणते जल्दी काय, असं आजवर झालं नव्हतं.

बाई म्हणजे आमच्या गावच्या मोठ्या शेतकरी घरातली. माय तिला बाई म्हणते, मी काकू म्हणते. आमचं घर बौद्धवाड्याच्या टोकाला आणि त्यांचा गोठा वाड्याला लागून, त्यामुळे दोन्ही घरांच्या मागच्या बाजू समोरासमोर येतात. त्या घरात कोणीही बाळंत झालं की पाचवी उरकल्यावर पहिली अंडी आमच्याकडून जायची. हे माझ्या आजीपासून चालत आलेलं. मायचा हातगुण चांगला, तिच्या कोंबड्या उकिरड्यावर मोकळ्या फिरणाऱ्या, तिच्या अंड्यानं बाळंतिणीला ताकद येते, असं काकू सगळ्यांना सांगायच्या. त्या स्वतः यायच्या. गड्याला पाठवायच्या नाहीत. सारवलेल्या अंगणाच्या कडेला उभ्या राहायच्या, पदर पसरायच्या, आणि माय एकेक अंडं वरून पदरात सोडायची. हात लांब, बोटं अलगद. सुगीला त्यांच्याकडून सूपभर गहू यायचा, तोही तसाच वरून आमच्या टोपलीत पडायचा.

माय दरवेळी विचारायची, "चहा टाकू का बाई?" काकू दरवेळी म्हणायच्या, "आत्ताच घेऊन आले बघ." लहानपणी मला वाटायचं, त्या घरात दिवसभर चहाच होत असावा.

मग मी मोठी झाले, पुस्तकं वाचली आणि मला कळलं. कॉलेजात असताना समतेवर भाषण करून मी एक कप जिंकला. तो मायनं फळीवर मधोमध ठेवला. पण काकूंबद्दल मला राग धरता येत नव्हता, आजही नीट येत नाही. दहावीच्या पेपरला माझी बस चुकली तेव्हा काकूंनीच नवऱ्याला शेतातून बोलावून घेतलं होतं. काकांच्या मोटारसायकलवर मागं बसून मी भोकरदनला वेळेवर पोचले. तो पेपर गेला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. हे मी विसरलेले नाही आणि विसरायचंही नाही.

रविवारी पहिल्या बसनं गावी गेले. न सांगता.

दाराला कडी नव्हती, नुसतं लोटलेलं होतं. माय घरात नव्हती. चुलीजवळ ॲल्युमिनियमचं पातेलं होतं, त्यात काळंशार पाणी आणि तळाला बोटभर चहापत्ती. शेजारी पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये पांढरी अंडी, काही बुडवून काढलेली, एका फडक्यावर वाळत ठेवलेली. फडकं म्हणजे माझ्या जुन्या शाळेच्या ड्रेसचा तुकडा होता.

मी खाली बसले. समोर फळीवर माझा कप होता. त्यात काहीतरी पांढरं दिसलं, म्हणून उठून पाहिलं. कपात सुपारीएवढी, गोटीएवढी बारकी अंडी ठेवलेली होती. त्याच्या मागं टोपली, टोपलीवर फडकं. फडकं उचललं. तिथं तिन्ही कोंबड्यांचं खरं देणं होतं. एक अंडं एवढं लांबट की काकडीची आठवण यावी. एकावर वाळूसारखे पांढरे कण चिकटलेले. एकाला मधोमध वळ, जणू कुणी ओल्यातच दोरा बांधला होता. बरीच सुरकुतलेली. आणि कडेला, मातीच्या परळात, दोन अंडी ज्यांना कवचच नव्हतं. नुसता पापुद्रा आणि आत हलणारं पाणी. बोट लावलं तर खळगा पडला आणि हळूहळू भरून आला.

माय डोक्यावर सरपण घेऊन आली. मला पाहिलं, मग पातेल्याकडे पाहिलं.

"फोन न्हाई केला ते," ती म्हणाली.

"माय, हे काय हाय?"

"काय काय?"

"एवढी चहापत्ती."

"चहा कराया लागते." सरपण टाकून ती पाणी प्यायला वळली. पाठमोरीच म्हणाली, "तुह्या मॅडमला कळलं का?"

"न्हाई. मला कळलं."

"मंग बरंय." ती येऊन बसली. पदरानं तोंड पुसलं. "काळीनं दिवाळीपासून असंच लावलंय. आधी मोठं मोठं अंडं द्यायची, फोडलं का दोन पिवळं. मी म्हणलं बराबर चाललंय. मंग सुरकुत्या पडाया लागल्या. कवडी तर हे असलं कपातलं देती, आत पिवळंच नसतं. फकस्त पाणी. उघड्या मानेची कधी देती, कधी देत न्हाई. अन् दिलं तर असं, बिनकवचाचं. आज तर काळीनं बी तसंच दिलं."

"वय झालं त्यांचं. वयात कवच बनत नाही नीट. त्यात काही वाईट नाही माय, आजार नाही. तू हीच पाठवायची मला."

"ही? ह्ये सुरकुतलेलं? जावई डबा उघडतील. म्हणतील, सासूकडं आता हे राह्यलं."

"आणि चहात रंगवलेली चालली?"

माय जरा हसली. "तू माही हायेस. तुला फसवलं तर पाप घरातल्या घरात राह्यतं."

मलाही हसू आलं, पण पुरतं आलं नाही. हे ऐकताना मला मॅडमचं वाक्य मी किती वेळा, कोणत्या सुरात फोनवर सांगितलं होतं ते आठवत होतं.

"मग बाईला काय दिलं?"

"न्हाई दिलं." तिचा आवाज खाली आला. "बाळंतिणीच्या पोटात खोटं कसं घालू? अन् हे खरं बी देता येईना. ज्या अंड्यात पिवळंच न्हाई, ते ओल्या बाळंतिणीच्या घरात पाठवू? उद्या त्या लेकराला साधं पडसं झालं तरी माह्या अंड्यावर येईल. दोनदा हाक मारून गेली बाई. मी मागच्या दारानं ओढ्याला गेल्ते."

"लपलीस?"

"मंग काय करू."

"सांग ना सरळ, कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या. नाहीतर मी दोन तरण्या तलंगा आणून देते जालन्याहून."

"तलंग अंड्यावर येईस्तोवर ती पोर रांगाया लागंल." मायनं परळातलं एक अंडं तळहातावर घेतलं आणि उगाच पाहत राहिली. "त्या घरचं माणूस आपल्या दारात आजवर एकाच कामाला आलंय. न्हाई म्हणून सांगितलं का ते दुसरीकडं जातील. गावात कोंबड्यांला काय तोटा हाय. मंग पुढच्या येळेला बी तिकडंच." तिनं अंडं परत परळात ठेवलं. "मंग आपल्या दारात कोण येतंय?"

तिला काय गमवायची भीती होती ते तिनं मला इतक्या साध्या शब्दांत सांगितलं होतं. मी ऐकलंही. पण मला वाटलं, हा अडाणीपणाचा गुंता आहे आणि समजावून सांगितलं की सुटेल. मी तिला म्हणाले, "तू बोलू नको. काकू आल्या की मी बोलते."

"तुला न्हाई कळत," माय म्हणाली. पण मी आलेय याचा तिला आनंद झाला होता, त्यामुळे तिनं ते जोर लावून म्हटलं नाही.

काकू दुपार व्हायच्या आधीच आल्या. मी बसमधून उतरताना कोणीतरी पाहिलं असणार.

"ए शिकल्या पोरीच्या माय, हायेस का आज तरी घरात? का पुन्यांदा ओढ्याला?"

"या बाई, या," माय लगबगीनं बाहेर आली. मीही गेले. काकू अंगणाच्या कडेला, नेहमीच्या दगडाजवळ उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते. मला पाहून तोंडभर हसल्या.

"कवा आलीस पोरी? सुकली गं. तुमच्या जालन्यात जेवाया देत न्हाईत का?"

"आत्ताच आले काकू. नातीचं अभिनंदन."

"काय नात घेऊन बसली. हिला इचार, माह्यापासून तोंड काहून लपवून राह्यली ते. पोरगी झाली म्हणून अंडी न्हाई का देत? पोरगा झाला असता तर पळत आली असती."

ते गमतीत होतं, पण मायला लागलं. "न्हाई बाई, असं कसं म्हणता. लेकीला काय कमी हाय का. चहा टाकू?"

"आत्ताच घेऊन आले बघ."

आणि मी आत गेले. टोपली आणली, परळ आणलं, कपही आणला. सगळं काकूंपुढं अंगणात मांडलं आणि बोलायला लागले. प्रयोगशाळेत नव्या मुलांना सांगते तसं सांगितलं. कोंबडीचं वय वाढलं की कवच बनवायची ताकद कमी होते, कधी अंडं मोठं येतं, कधी बारकं येतं, कधी बिनकवचाचं. बारक्यात बलक नसतो एवढंच, अपशकून वगैरे काही नसतं. मोठ्यातलं खाणं तेच असतं. माय मागं उभी राहून माझ्या ओढणीला हळूच ओढत होती. मला वाटलं, तिला संकोच वाटतोय.

"आणि हे बघा," म्हणून मी त्या दिवशीचं, काळीनं नुकतंच दिलेलं बिनकवचाचं अंडं तळहातावर घेतलं. ते अजून कोमट होतं. ती ऊब माझ्या हाताला चांगली वाटली, हे आठवतं. "आत अंडं जसंच्या तसं आहे काकू. घरी नेऊन लगेच घोटून दिलं की झालं. घ्या, हात करा."

मी हात पुढं केला.

काकूंचा हात उठला. खरंच उठला. मग तो मध्येच पदराकडे गेला, पदराचं टोक धरलं, पण पदर काही पसरला नाही. ओल्या, लिबलिबत्या अंड्याला पदर पसरणार तरी कसा, हे मलाही दिसलं, म्हणून मी म्हणाले, "थांबा, वाटीत देते." आत जाऊन घासलेली वाटी आणली, अंडं तिच्यात अलगद ठेवलं आणि वाटी पुढं केली. "न्या अशीच. वाटी मग कधीतरी पाठवून द्या."

काकू वाटीकडे पाहत राहिल्या. मग मायकडे पाहिलं. मायनं मान खाली घातली होती.

"हे असं उघडं कसं न्यावं पोरी," त्या म्हणाल्या.

"झाकून देते ना."

"तसं न्हाई." त्यांचा चेहरा लाल झाला. "घरात सासूबाई हायेत अजून. चुलीपाशी वाटी बघितली का इचारतील, कोणाची. मला काही न्हाई गं. मी बिलकुल मानीत न्हाई. पण..."

एक कोंबडी अंगणातून चालत गेली. मला सगळं एकदम दिसलं. इतक्या वर्षांत आमच्या घरातून त्यांच्या चुलीपर्यंत जाणारी एकच वस्तू होती, आणि ती जात होती ते तिला कवच होतं म्हणून. ते कोरडं होतं, बंद होतं, कोणाच्या हाताचं राहत नव्हतं.

"पोरगी येडी हाय बाई," माय झटकन पुढं आली आणि माझ्या हातातून वाटी काढून घेतली. "शिकून येडी झाली. ठिव गं ते आत. बाई, दोन-चार दिसांत चांगलं अंडं आलं का मीच सांगावा धाडते."

"धाड," काकू म्हणाल्या. "धाड हां." आणि गेल्या. जाताना दगडाला ठेच लागली तरी थांबल्या नाहीत.

मी तिथंच उभी. समतेवर बोलून कप जिंकणारी मी, एक शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. काकांच्या मोटारसायकलवर बसले होते तेव्हा माझे गुडघे त्यांच्या पाठीला लागत होते, ते चाललं होतं, हे म्हणावंसं वाटलं. पण ते म्हणणं म्हणजे त्या दिवसाचे उपकार त्यांच्या तोंडावर फेकणं झालं असतं. गप्प बसले त्याचीही लाज वाटली, आणि बोलले असते तरी वाटली असती.

अंडं परळात परत ठेवून माय आत वाटी घासत होती. स्वच्छ झालेली वाटी पुन्हा घासत होती.

"इतकी वर्सं बाईनं तोंडानं कधी म्हणलं न्हाई," ती म्हणाली. "आज तू वदवलंस."

"मी वदवलं? मनात होतं म्हणून तोंडात आलं ना. लाज तिला वाटायला पाहिजे."

"वाटलीच की. म्हणून तर गेली."

"मग तुला कशाची वाटते?"

मायनं वाटी पालथी घातली. "माह्या दारात वाटली ना तिला," ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. काकूंची लाज राखायची जबाबदारी मायची का असावी, हे मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आताही पटत नाही. पण मायला जे जपायचं होतं ते तिनं मला आधी सांगितलं होतं, आणि मी तिला न विचारता ते अंगणात मांडून मोडलं होतं. आम्ही जेवलो. लांबट अंडं आणि वळाचं अंडं फोडून मायनं कांदा घालून केलं. चवीत काहीच फरक नव्हता. कोणी तसं म्हणालं नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा गोठ्याच्या बाजूनं पावलं वाजली. हाक आली नाही. मी बाहेर पाहिलं तर काकू दगडाच्या अलीकडे, सारवलेल्या अंगणात उभ्या होत्या. पदराखालून त्यांनी एक वाटी काढली. त्यांच्या घरची, पितळेची, कल्हई केलेली.

"सासूबाई झोपल्यात," त्या मायला म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. "दे ते सकाळचं. पोरीनं सांगितलं तसं घोटून देते."

माय आत आली. परळातून ते अंडं घेतलं. पापुद्रा फाटेल की काय असं मला वाटलं. बाहेर जाऊन तिनं सवयीनं हात उंच धरला, वाटीच्या वर चांगला वीतभर.

"लांबून काहून टाकती? फुटंल की," काकू म्हणाल्या. "नीट ठिव."

मायचा हात खाली आला. वाटीच्या काठापाशी येऊन थांबला. मग तिनं बोटं वळवून, काठाला कुठंही न लागता, अंडं आत घरंगळू दिलं. काकूंनी वाटी थोडी वर उचललेली मी पाहिली. तरीही मायचं बोट तिला लागलं नाही. ते काकूंना नको होतं म्हणून नव्हे. मायला जमलं नाही.

वाटी पुन्हा पदराखाली गेली. "उद्या काळीनं दिलं तर ठिव," काकू जाता जाता म्हणाल्या. "मी येते."

माय दारात उभी राहून त्या दिसेनाशा होईपर्यंत पाहत होती. मग आत येऊन म्हणाली, "नेलं." तिचा चेहरा उजळला होता. पातेलं उचलून तिनं चहाचं पाणी शेवग्याच्या बुंध्याशी ओतलं. मलाही बरं वाटायला हवं होतं. मायला हवं ते टिकलं होतं. दार बंद पडलं नव्हतं. पण सकाळी अंगणात मान खाली घालून उभी असलेली माय माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि ती तशी उभी राहिली ती माझ्यामुळे. शिवाय मला हेही कळत होतं की ती वाटी पदराखालूनच आली आणि पदराखालूनच गेली. ते चांगलं झालं की वाईट, हे मला ठरवता आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

शेवटच्या बसनं निघाले तेव्हा मायनं डबा भरून दिला. या वेळी ज्वारीत खरी अंडी होती: सुरकुतलेली, वाळूसारखे कण चिकटलेली, वर दोन गोटीएवढी. "जावयाला दाखव गंमत," म्हणाली. "अन् मॅडमला बी दे. सांग, कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या."

नवऱ्यानं गोटीएवढं अंडं फोडून पाहिलं आणि बलक शोधत बसला. आम्ही हसलो. सोमवारी प्रयोगशाळेत मॅडमनी सहज विचारलं, "अंडी आली का गं आईंची?" मी ओले कागद उलगडत होते. म्हणाले, "या वेळी नाही आली मॅडम."

चार-पाच दिवसांनी मायचा फोन आला. आवाज मोठा होता. बाई रोज येते, वाटी घेऊन येते, काल अंगणात घडीभर बसलीसुद्धा, बाळंतिणीला चांगलं मानवून राह्यलं, असं सगळं तिनं एका दमात सांगितलं.

"आपल्या घरची वाटी नेली का कधी?" मी विचारलं.

"तिची वाटी हाय. चांगली मोठी हाय," माय म्हणाली. मग, "तुह्या मॅडमला दिले का ते सुरकुतलेले? काय म्हणल्या?"

मी खाली पाहिलं. ओट्याखाली डबा होता, सुरकुतलेली अंडी तशीच आत, झाकण घट्ट लावलेलं. पलीकडून माय म्हणाली, "हॅलो? हायेस का?"